सोवळ्याचा पाइप, ओवळ्याचा पाइप

अमेरिकेत आरव्ही भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती सगळ्या एका साच्यातल्या. तळं, तळ्याकाठी पांढरीशुभ्र गाडी, गाडीपुढे शेकोटी, शेकोटीभोवती चौकोनी कुटुंब आणि एक सोनेरी कुत्रा. सगळे हसतायत. कुत्राही. या चित्रात एकच गोष्ट नसते. गाडीच्या पोटाखालून निघणारा तीन इंची, वळ्यावळ्यांचा, तपकिरी पाइप, आणि त्याच्या टोकाशी रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून उकिडवा बसलेला कुटुंबप्रमुख. त्या वेळी हसत फक्त कुत्राच असतो.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, शॉवर, संडास, सगळं आतच. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात. ते गाव स्वतःला आरव्हींची जागतिक राजधानी म्हणवून घेतं आणि तिथे आरव्हींचं संग्रहालयही आहे. तिकडच्या मराठी मंडळींना हे वेड साधारण गणपतीत लागतं. आरतीनंतर, मसालेभाताच्या रांगेत, कुणीतरी फोनवर यलोस्टोनचे फोटो दाखवतो. ‘हॉटेलचा खर्च वाचतो’ असं सांगतो. तो वाचत नाही, कारण ही गाडी पेट्रोल खात नाही, गिळते. पण ‘आपलं घर आपल्याबरोबर’ ही कल्पना मराठी मनाला भुरळ घालते. पुढच्या उन्हाळ्यात गावाकडून आई-बाबा आलेले असतात, त्यांना मोटेलच्या खोलीत कोंडायचं नसतं, आणि गाडीत कुकर लावता येतो म्हटल्यावर प्रश्नच मिटतो.

प्रश्न मिटतो तो स्वयंपाकाचा. त्याच्या पुढचा सुरू होतो.

घर आलं की सांडपाणी आलं. आरव्हीच्या फरशीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ग्रे टँक, तिच्यात बेसिनचं आणि शॉवरचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक. तिच्यात काय जातं हे सांगायला लागू नये. मध्यम गाडीतली ही तिसरी टाकी ३० ते ४० गॅलनची, म्हणजे ११० ते १५० लिटरची असते. भरली की तिचं वजन दीडशे किलोपर्यंत जातं. गाडी चढावर कण्हायला लागली की जाणकार मंडळी इंजिनाला दोष देत नाहीत. कालची मिसळ आणि परवाची पावभाजी आपल्याबरोबर घाट चढत असते.

गाडी ताब्यात देताना कंपनी एक माहितीपट दाखवते. शेगडी कशी पेटवायची, जनरेटर कसा लावायचा, छताची उंची किती, इथपर्यंत सगळे मन लावून ऐकतात. टाक्यांचा भाग आला की घरच्यांची पांगापांग होते. सूनबाई मुलांना शोधायला जातात, मुलं फोन शोधायला जातात, मुलगा ‘हे ऑनलाइन मिळेल’ म्हणतो. शेवटपर्यंत बसतात ते एकटे बाबा. वीज मंडळात तीस वर्षं काढलेल्या माणसाला व्हॉल्व्ह दिसला की राहवत नाही.

गाडी सुटली की पहिला वटहुकूम निघतो: ‘गाडीतला संडास वापरायचा नाही. अगदीच अडलं तर रात्री.’ उन्हाळ्यात रोजचे दोनेकशे डॉलर मोजून घेतलेल्या गाडीतला संडास बंद ठेवून सगळं कुटुंब दर पेट्रोलपंपावर उतरतं आणि किल्लीसाठी रांग लावतं. आई मात्र पहिल्याच दिवशी वटहुकूम मोडतात. ‘एवढे पैसे भरलेत ना?’ हा त्यांचा मुद्दा कुणालाही खोडता येत नाही.

शास्त्रही आईंच्याच बाजूनं आहे. ब्लॅक टँकला माणसं चालतात, कोरडेपणा चालत नाही. आरव्हीचा संडास साधा असतो. खाली पायानं दाबायची पट्टी असते. ती दाबली की भांड्याच्या तळाची झडप उघडते आणि माल थेट टाकीत पडतो. मध्ये वळणं नाहीत, पाण्याचा मोठा लोट नाही. काटकसर करून चमचाभर पाणी ओतलं तर पातळ ते पसरतं आणि घट्ट ते जिथे पडलं तिथेच ढीग करून बसतं. अमेरिकन आरव्हीवाल्यांनी त्या ढिगाला ‘पिरॅमिड’ असं नाव दिलंय. इजिप्तचे पिरॅमिड साडेचार हजार वर्षं टिकले, ही माहिती अशा वेळी मुलांनी देऊ नये.

म्हणून तिथल्या मुरलेल्या मंडळींचा उपदेश एका ओळीचा: पाणी सढळ, कागद कमी. कागद वापरायचाच तर लगेच विरघळणारा. कागदाची परीक्षाही ठरलेली. बरणीत पाणी घ्यायचं, कागदाचा तुकडा टाकायचा, हलवायचं. लगदा झाला तर पास, तुकडा तसाच तरंगला तर नापास. जाड, मऊ, रजईसारखे नक्षीदार कागद टाकीत जाऊन अमर होतात.

आणि इथे आपली मंडळी, स्वतःला कल्पना नसताना, वर्गात पहिली येतात. कागदाच्या देशात वीस वर्षं काढली तरी मराठी घराच्या बाथरूममध्ये एक प्लॅस्टिकचा मग असतोच. पाहुणे आले की तो लाजून पडद्यामागे जातो, पाहुणे गेले की परत येतो. आरव्हीत तोच मग तंत्रज्ञ ठरतो. टाकी लवकर भरते हे खरं, पण भरते ती वाहती राहून. ज्या सवयीबद्दल मुलं शाळेत चकार शब्द काढत नाहीत, तीच सवय तिथले जाणते लोक एकमेकांना शिकवत असतात.

ग्रे टँकमध्ये मात्र आपण सपशेल नापास. नवख्यांचा समज असा की साबणाचं पाणी ते, त्याला कसला वास? त्या टाकीत पोह्यांच्या कढईचं तेल जातं, आमटीचा तळ जातो, भाताची शितं जातात, चहाचा चोथा जातो. ॲरिझोनाच्या उन्हात हे मिश्रण दोन दिवस हिंदकळलं की बेसिनच्या भोकातून येणारा वास ब्लॅक टँकलाही मान खाली घालायला लावतो. उपाय सोपा आहे. भांडं आधी कागदानं पुसायचं, बेसिनला जाळी लावायची, मगच धुवायचं. पण खरकटं पुसून कचऱ्यात टाकायचं म्हटलं की आई म्हणतात, ‘कागदाला पैसे पडत नाहीत वाटतं.’

वासाचं आणखी एक रहस्य छतावर आहे. बाथरूममध्ये दुर्गंधी जावी म्हणून पंखा असतो. तो चालू ठेवून पायपट्टी दाबली की पंखा खोलीतली हवा वर खेचतो, आणि तिची जागा भरायला हवा येते ती नेमकी टाकीतून, उघड्या झडपेवाटे. म्हणजे वास घालवायला लावलेला पंखा वासाला वर बोलावतो. आधी पंखा बंद, मग पट्टी. हे वाक्य आरव्हीच्या बाथरूममध्ये आरशावर लिहून ठेवावं अशा योग्यतेचं आहे.

टाकी किती भरली हे दाखवायला भिंतीवर दिव्यांची पट्टी असते: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. ती खरं बोलत नाही. टाकीच्या आतल्या, पातळी मोजणाऱ्या खिळ्यांना कागदाचा लगदा चिकटला की दिवा ‘दोन तृतीयांश’वर जातो आणि तिथेच मुक्काम करतो. टाकी रिकामी केली तरी दोन तृतीयांश, धुतली तरी दोन तृतीयांश. ते पटवून घ्यायला बाबा विजेरी घेऊन संडासाच्या भोकात डोकावतात. या दृश्याचा फोटो जाहिरातीत का नसतो हे समजण्यासारखं आहे.

मग येतो डम्प स्टेशनचा दिवस. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला सांडपाण्याची जोडणी असतेच असं नाही. अख्ख्या यलोस्टोन पार्कात तशी सोय फिशिंग ब्रिज या एकाच ठिकाणी आहे. तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींच्या गाड्याच चालतात. बाकीच्यांनी डम्प स्टेशनवर जायचं. सिमेंटचा उतार, मधोमध झाकणाचं भोक, बाजूला नळ, नळावर ‘हे पाणी पिऊ नये’ अशी पाटी. रविवारी सकाळी, जागा सोडायच्या वेळेला, तिथे गाड्यांची रांग लागते. रांगेतल्या प्रत्येकाला पुढच्याचं काय चुकतंय ते दिसत असतं.

आपली गाडी भोकाशी लागते. सगळे खाली उतरतात आणि बाबा तो प्रश्न विचारतात, जो भारतातून आलेला प्रत्येक वडीलधारा माणूस विचारतो:

‘अरे, याला माणूस नसतो का इथे?’

‘असतो ना बाबा,’ मुलगा हातमोजे चढवत म्हणतो. ‘मीच.’

यानंतरचा विधी पाहण्यासारखा असतो. आधी पाइपचं एक टोक जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायचं, मग दुसरं गाडीच्या तोंडाला. तोंडाचं झाकण काढताना थोडं बाजूला उभं राहायचं, कारण मागच्या भाडेकरूनं व्हॉल्व्ह नीट बंद केला होता की नाही हे त्याच क्षणी कळतं. पाइप आणि गाडी यांच्यामध्ये एक पारदर्शक कोपरा बसवतात. टाकी स्वच्छ झाली की नाही हे त्यातून पाहायचं. पाहायला कुणाला आवडत नाही आणि पाहिल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मग ब्लॅकचं हँडल ओढायचं. धडधड, घळघळ, मग बारीक धार, मग शांतता. त्यानंतर ग्रेचं हँडल. हा क्रम कधीच उलटा नाही, कारण ब्लॅकनं माखलेला पाइप मागून येणारं साबणाचं पाणी धुऊन काढतं. आमटीच्या तळाला आयुष्यात एकदा तरी सत्कर्म घडतं ते इथे. टाकी निदान दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये, नाहीतर लोटाला जोर येत नाही. आणि जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा मोह तर टाळायचाच. पातळ निघून जातं, उरतो पिरॅमिड.

पाइपांची शिवाशिव मात्र आपल्या मंडळींना शिकवावी लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा किंवा निळा. टाकी धुवायचा दुसऱ्या रंगाचा. मैल्याचा तिसरा. पांढऱ्या पाइपनं बाकी दोघांना स्पर्श करायचा नाही, त्यांच्या खणात राहायचं नाही, डम्प स्टेशनच्या नळाला लागायचं नाही. हातमोजे घातलेल्या माणसानं दाराच्या कडीला, स्टिअरिंगला, पोराच्या गालाला हात लावायचा नाही. जुन्या घरात सोवळं उंच दांडीवर वाळत असे आणि आजी ते काठीनं काढत असे, मध्येच नातू शिवला की पुन्हा आंघोळ. इथे नातू पांढऱ्या पाइपला लाथ मारतो आणि एरवी कुठलंही व्रत न पाळणारी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट सूनबाई किंचाळते, ‘शिवू नकोस त्याला!’ आई लगेच हसतात. त्यांना घर आठवतं.

रांगेत आपल्यामागे हमखास एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ असतात. पायात बूट, डोक्याला टोपी, वर्षातले आठ महिने रस्त्यावर. ते सल्ला देतातच. कुणी टाकीत बर्फाच्या पिशव्या ओतून गाडी चालवायला सांगतो, म्हणजे खडे टाकी आतून घासतात. बर्फ काय घासतो ते बर्फालाच ठाऊक. कुणी पाणी मृदू करायची पावडर आणि साबण सुचवतो. कुणी जिवाणूंची पुडी देतो. जुना निळा रासायनिक द्रव वापरू नको असं मात्र सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. त्यातलं फॉर्मल्डिहाइड वास मारतं, आणि पुढे सेप्टिक टाकीत मैला पचवणारे जिवाणूही मारतं. कित्येक कॅम्पग्राउंडवर त्याला बंदी आहे.

टाकी धुण्याची सोय काही गाड्यांत आतूनच असते. बाहेरून नळी लावली की टाकीत फवारा सुरू होतो. फक्त तेव्हा व्हॉल्व्ह बंद ठेवून, नळ सुरू करून गप्पा मारायला जायचं नसतं. पाणी भरत जातं, वाट शोधतं आणि छतावरच्या वायुनळीतून किंवा संडासाच्या भांड्यातून बाहेर येतं. २००६ साली रॉबिन विल्यम्सचा ‘आरव्ही’ नावाचा चित्रपट आला, त्यात मैल्याचं असं कारंजं आहे. प्रेक्षकांना तो प्रसंग अतिशयोक्त वाटतो. डम्प स्टेशनवर नळी धरून उभं राहिलेल्यांना वाटत नाही.

खरी गोष्ट तर चित्रपटापेक्षा वरचढ आहे. ८ ऑगस्ट २००४ रोजी शिकागोत डेव्ह मॅथ्यूज बँडच्या एका बसनं नदीवरच्या किन्झी स्ट्रीट पुलावर आपली टाकी सोडली. पूल लोखंडी जाळीचा. सुमारे ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंहून जास्त मैला जाळीतून खाली गेला, आणि खाली नेमकी पर्यटकांची उघडी नाव होती. शहराची वास्तुकला पाहायला निघालेली. वास्तुकलेच्या सहलीत मान वर करूनच बसावं लागतं, हे त्यातलं आणखी वाईट. चालकानं गुन्हा कबूल केला, बँडनं दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आपण या गोष्टीला हसायचं, पण जरा बेतानं. भारतीय रेल्वेनं जैव-शौचालयं बसवेपर्यंत आपण सगळे, पिढ्यान् पिढ्या, देशभर हेच करत आलो होतो. ‘गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये’ ही पाटी वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. स्थानक सुटल्यावर काय होतं आणि ते रुळांवरून कोण उचलतं, हा प्रश्न पाटीवर नव्हता आणि आपल्या मनातही नव्हता. ‘याला माणूस नसतो का?’ या प्रश्नामागे तेच शिक्षण आहे. माणूस असतो, हे आपण गृहीत धरलेलं असतं. तो कोण असतो हेही आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कायद्यानं हातानं मैला उचलायला लावणं १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली बंद केलं, तरी गटारात आणि सेप्टिक टाकीत गुदमरून मरणाऱ्यांची बातमी अजून येते आणि त्यांच्या जातीही बदलत नाहीत. उलट, ते काम आपण होऊन मागणारा माणूसही आपल्याकडे होऊन गेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम मागितलं, ते उच्च जातीमुळे नाकारलं गेलं, तेव्हा अप्पांनी उपवास आरंभला आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास धरला. संडास साफ करायला मिळावा म्हणून एका पटवर्धनाला अन्न सोडावं लागलं. डम्प स्टेशनवर तेच काम आपल्याला पार्किंगइतकं सहज मिळतं.

तिथली अमेरिकाही काही सत्ययुग नाही. पैसे दिले की पाइप आणि पंप घेऊन टाकी उपसणारी गाडी येते. तिला ‘हनी वॅगन’ म्हणतात आणि तिच्यातही माणूसच असतो. पण रविवारच्या रांगेत ती नसते. तिथे पाच लाख डॉलरच्या, बसएवढ्या आरव्हीचा मालक आणि जुन्या ट्रेलरमधला सुतार एकामागोमाग त्याच भोकाशी उकिडवे बसतात, तसाच पाइप हलवतात, नंतर जमीन धुऊन पुढच्याला जागा देतात. सोवळं-ओवळं इथेही आहे आणि कडक आहे. पण ते पाइपाला असतं, माणसाला नाही. हातमोजे काढून साबणानं हात धुतले की ओवळं संपलं. आजीच्या सोवळ्यात एवढी साधी तरतूद नव्हती.

म्हणून यंदा आरव्ही घेणार असाल तर शेकोटीचे फोटो काढाच, पण टाकीच्या पाळ्या गाडी घेण्याआधी लावा. पाळी एकट्या मुलाची नको. सूनबाईंची असू द्या, बाबांचीही असू द्या, आणि ‘यक्’ म्हणत गाडीत दडून बसणाऱ्या दोन्ही पोरांची तर आवर्जून असू द्या. त्यांना हातमोजे द्या, व्हॉल्व्ह कुठला आधी ते सांगा आणि बाजूला उभे राहा. आपण केलेली घाण दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं हा समज एका सुट्टीत उतरला, तर पेट्रोलचे सगळे पैसे वसूल झाले समजा.

फक्त हँडल ओढण्याआधी पाइप भोकात पक्का बसलाय ना, ते एकदा स्वतः बघून घ्या.